सेटिंग पाठवली, तरी जुनीच का दिसते?

प्रश्न : आमचे एकाच मॉडेलचे चाळीस सर्व्हर दुसऱ्या इमारतीत आहेत. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्रॅम) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय, सुरू करायचं म्हणून रेडफिशमधून (सर्व्हर दुरून सांभाळण्याची प्रमाणित पद्धत) एका सर्व्हरला आज्ञा पाठवली. 'यशस्वी' असं उत्तर आलं, पण लगेच वाचून पाहिलं तर जुनीच व्हॅल्यू! आज्ञा चुकली का? की प्रत्येक मशीनला मॉनिटर लावावा लागेल?

उत्तर : आज्ञा बहुतेक बरोबरच आहे. मॉनिटर उचलू नका.

सर्व्हर दुरून सांभाळता यावा म्हणून त्याच्या बोर्डवर बीएमसी नावाचा एक वेगळा छोटा संगणक असतो. डेल त्याला आयड्रॅक म्हणतं, एचपीई आयएलओ. मुख्य मशीन बंद असलं तरी वीज जोडलेली असेपर्यंत तो चालू राहतो. तुमची आज्ञा त्याने घेतली, 'यशस्वी'ही त्यानेच कळवलं. बायॉस मात्र सेटिंग उचलतो ती मशीन सुरू होताना. तोवर बदल प्रलंबित राहतो. रेडफिशमध्ये या दोन अवस्थांचे पत्तेही वेगळे आहेत : 'बायॉस'वर आत्ता लागू असलेलं दिसतं आणि त्यातल्या 'सेटिंग्ज' दुव्यावर प्रलंबित असलेलं. तुम्ही एकीकडे लिहिलंत आणि दुसरीकडे वाचलंत.

आता मशीन रीस्टार्ट करा. आधी 'ग्रेसफुल रीस्टार्ट' वापरा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नीट बंद होईल. 'फोर्स', म्हणजे सक्तीचं रीस्टार्ट, हा शेवटचा उपाय. आयड्रॅक असेल तर जॉबची, म्हणजे त्याने करायच्या कामांची, रांगही तपासा. बदलासाठी जॉब तयारच झाला नसेल, तर कितीही वेळा रीस्टार्ट केलं तरी काही होणार नाही. मशीन वर आलं की 'बायॉस'चा पत्ता पुन्हा वाचा. या वाचनाबद्दल मी फार आग्रही आहे. स्क्रिप्टमध्ये आज्ञेनंतर थेट 'झालं' असं छापणारे खूप जण पाहिलेत, आणि मग अर्धवट बदललेल्या सर्व्हरांवर व्हर्च्युअल मशीन का चालू होत नाही, याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

मॉडेल एक असलं तरी सर्व चाळीस मशीन सारखी धरू नका. फर्मवेअरची (बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती वेगळी असेल तर एखाद्या सेटिंगचं नाव किंवा चालणाऱ्या व्हॅल्यू बदललेल्या असू शकतात. त्यासाठी ॲट्रिब्यूट रजिस्ट्री वाचा. कुठलं नाव, कोणत्या व्हॅल्यू, कुठली सेटिंग दुसरीवर अवलंबून, हे त्यात लिहिलेलं असतं. बदलाआधी प्रत्येक मशीनची सगळी बायॉस सेटिंग फाइलमध्ये साठवा. एका मशीनवर पूर्ण फेरी करा, मग चार-पाच, मग उरलेली. बूट क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बदलत असाल तर रिमोट कन्सोल आधीच उघडून ठेवा, म्हणजे मशीन कुठे अडकलं ते डोळ्यांनी दिसेल.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगतो. बीएमसी इंटरनेटवर किंवा ऑफिसच्या नेहमीच्या नेटवर्कवर ठेवू नका, त्याला वेगळं मॅनेजमेंट नेटवर्क द्या. बीएमसीशी बोलण्याची जुनी पद्धत, आयपीएमआय, यूडीपीच्या 623 पोर्टवर चालते. त्याच्या 2.0 आवृत्तीत, खात्याचं नाव माहीत असलेल्या कोणालाही लॉगिन न करता पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून गणिताने बनवलेलं सांकेतिक रूप) मिळवून तो निवांत फोडत बसता येतं. हा दोष प्रोटोकॉलच्याच रचनेत आहे, पॅचने जात नाही. डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये आणलेलं रेडफिश एचटीटीपीएसवर चालतं. तुमचं काम त्यावर भागतंय, तेव्हा चाळीसही मशीनवर नेटवर्कवरचं आयपीएमआय बंद करा आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड याच फेरीत बदलून टाका.