पेटीचा भाव आणि फोनचं बटन

प्रश्न : वय ६३, देवगडजवळ आमची थोडी हापूसची कलमं आहेत. मे महिन्यात बारा वर्षांचा नातू आला नि माझ्या फोनवर गोळीबाराचा गेम घालून गेला. गेम माइक, कॉन्टॅक्ट, लोकेशन काय काय मागत होता आणि हा धडाधड परवानगी देत होता. मी टोकलं तर म्हणाला, "आजी, तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" मला उत्तर सुचलं नाही. दुसरं म्हणजे बँकेच्या अ‍ॅपचं रूप बदललंय. जिथे शिल्लक दिसायची तिथे बोट लावलं तर कर्जाचा अर्ज उघडला. माझंच चुकलं का?

उत्तर : काकू, नातवाला विचारा, यंदा वाशीला पेटीला काय भाव मिळाला ते शेजारी सांगून येशील का? भाव काही चोरीचा नाही. तरी कुणी विचारलं की आपण "मिळाला बरा" एवढंच म्हणतो.

चौघं मिळून खेळताना एकमेकांशी बोलायला माइक लागतो, तेवढं पोराचं खरं. पण कॉन्टॅक्ट? तुमच्या फोनमध्ये दलाल आहे, टेम्पोवाला आहे, राखणीचे गडी, व्याही, डॉक्टर. हे नंबर द्यायला त्यांची परवानगी कुणी घेतली? सेटिंग्जमध्ये जाऊन त्या गेमच्या परवानग्या उघडा. कॉन्टॅक्ट, लोकेशन बंद. माइक फक्त ‘अ‍ॅप वापरताना’. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचं असेल तर माइक चालू झाला की वर उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. खेळ बंद, कुणाचा फोन चालू नाही, तरी ठिपका दिसला तर फोन घेऊन कुणा जाणकाराकडे जा.

आणि गेमच्या खात्यात जन्मवर्ष काय घातलंय तेही बघा. मालवणात माझ्या दुकानात एक पोरगा आला होता, सातवीतला. खात्यावर जन्म १९५८! आजोबांचं वर्ष. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते असं लिहिलंय. इथे संमती देणारा अंगठा मुलाचाच.

आता बँक. तुमचं काही चुकलेलं नाही. नवं अपडेट आलं की माझ्या काउंटरवर म्हाताऱ्यांची रांग लागते, "बटान खंय गेला रे मेल्या?" म्हणत. काही बदल सरळ मनाने केलेले असतात. फोन लांबडे झाले, अंगठा वर पोचेना, म्हणून बरीच बटनं खाली आली. मीही आठ दिवस कुरकुरलो, मग सवय झाली. पण शिल्लक होती तिथे कर्ज आणून ठेवणं यात अंगठ्याची सोय कसली? अंगठा सवयीने जिथे जातो, नेमका तिथे सापळा. परवानगीच्या चौकटीतही बघा: ‘हो’ ठळक, रंगीत, आणि ‘नको’ बारीक, करड्या अक्षरात. अशा १३ क्लृप्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढून त्यांना मनाई केली. माझ्या मते तुमचा किस्सा त्यातच बसतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

त्याआधी मात्र शाखेत जाऊन तुमच्या नावावर अर्ज पुढे सरकला नाही ना, ते विचारून घ्या. नुसतं "नाही" म्हणाले तर लेखी मागा.