स्थलांतराचा 'हत्यार' म्हणून वापर म्हणजे नेमकं काय? मुंबईत येणारे लोंढे त्यातच मोडतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. कुर्ला टर्मिनसला उतरणारा माणूस राज्यघटनेच्या कलम १९ नुसार स्वतःच्याच देशात फिरतोय. त्याला कुणा सरकारने पाठवलेलं नाही आणि त्याला थांबवायच्या बदल्यात कुणी काही मागत नाही. मुंबईवर ताण येतो हे खरं, पण तो विषय वेगळा.

आता पहिला प्रश्न. एखादं सरकार मुद्दाम माणसांचे लोंढे दुसऱ्या देशाच्या सीमेवर सोडतं आणि ते थांबवायच्या बदल्यात काही मागतं, तेव्हा स्थलांतर हत्यार होतं. या डावाला तीन गोष्टी लागतात: माणसांचा नळ हातात असलेलं सरकार, आलेल्यांना सरळ हाकलता येत नाही असं समोरचं सरकार, आणि ठोस मागणी.

२०२१ चं बेलारूस बघा. मे महिन्यात त्यांनी रायनएअर कंपनीचं विमान राजधानी मिन्स्कला उतरायला लावून एका पत्रकाराला अटक केली. युरोपीय संघाने निर्बंध वाढवले. मग बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको यांच्या सरकारने इराकसारख्या देशांतल्या लोकांना व्हिसा सोपा केला, ट्रॅव्हल एजंटांनी पॅकेजं विकली. विमानाने मिन्स्क, तिथून पोलंड, लिथुआनिया, लाटव्हियाची सीमा. पोलंड आत घेईना, बेलारूसचे जवान मागे फिरू देईनात; नोव्हेंबरच्या थंडीत लोक जंगलात अडकले.

सरळ हाकलता का येत नाही? १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम ३३ सांगतं की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलायचं नाही. (भारताने या करारावर सही केलेली नाही.) त्यात घरच्या मतदारांत 'आत घ्या' आणि 'दार लावा' अशी जुंपते. सीमेवरच्या गर्दीपेक्षा सरकारला ही भांडणं जास्त जड जातात.

पोलंडने पुढे भिंत बांधली, पण बेलारूसचा डाव मोडला तो आधीच, विमानतळांवर. इराकने ऑगस्टमध्येच मिन्स्कची थेट विमानं थांबवली होती. नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानने इराकी, सीरियन आणि येमेनी नागरिकांना मिन्स्कचं तिकीट देणं बंद केलं. लुकाशेंकोंच्या पदरात जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर मर्केलबाईंचे फोन पडले, आणि डिसेंबरात नवे निर्बंध.

माझ्या मते पैसा किंवा व्हिसा मागणाऱ्यांचं जमतं, लुकाशेंकोंसारखं आपल्या सत्तेला मान्यता मागणाऱ्यांचं सहसा नाही. तुर्कस्तानला युरोपीय संघासोबतच्या २०१६ च्या निर्वासित समझोत्यात ६ अब्ज युरोचं आश्वासन मिळालं. १९९४ मध्ये हजारो लोक तराफ्यांवरून निघाल्यावर क्यूबाने अमेरिकेकडून वर्षाला किमान २०,००० जणांच्या कायदेशीर प्रवेशाची हमी मिळवली. पण नळ एकदा सोडला की बंद करणं नेहमी हातात राहत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानने युरोपकडचं दार पुन्हा उघडलं, तेव्हा ग्रीसने सीमा रोखून धरली आणि महिनाभर आश्रयाचे अर्जच घेतले नाहीत.

१९७१ ला मात्र या यादीत टाकू नका. पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी लोक भारतात आले, त्यांच्यासाठी आपण टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट लावत होतो. पण पाकिस्तानने त्यांना सौदा करायला धाडलं नव्हतं. ते लष्कराच्या अत्याचारांतून जीव वाचवून आले होते.