ऑर्गनच्या कार्यक्रमाची फाइल अडकलीय? तारीख एप्रिलमध्ये ढकलू नका

कॅम्पातल्या चर्चमध्ये पाइप ऑर्गनचा कार्यक्रम, वाद्याची सगळी रेंज ऐकवायची, आणि परवानगीची फाइल ‘साहेबांच्या टेबलावर’ म्हणून जानेवारीची तारीख एप्रिलला न्यावी का, असं तुम्ही विचारलंय. ‘साहेबांच्या टेबलावर’ वाचूनच डोकं फिरलं. नेऊ नका.

आमचाही कार्यक्रम जानेवारीचाच होता. एका कार्यालयात (नाव घेत नाही) छापील अर्ज एकच, लाउडस्पीकरचा. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “स्पीकर किती वॉटचे?” म्हटलं, स्पीकर नाहीतच, पाइपांत हवा जाते. “मग रकाना रिकामा कसा चालेल?” शून्य लिहिलं, तर ‘अपूर्ण’ शेरा मारून अर्ज परत. मग वाद्याचा फोटो हवा, मग फोटोवर शिक्का हवा, आणि शिक्का ज्यांच्याकडे ते रजेवर. बंद वास्तूत, संध्याकाळी, लाउडस्पीकरशिवाय वाजवायला हा परवाना लागतो की नाही, एवढं लेखी द्या म्हटलं तर तेही कोणी देईना. मी वकील नाही, तुमच्याकडे वेगळं असू शकेल. पण अर्जाची पोच आवक क्रमांकासकट घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

होता होता एप्रिल उजाडला, आणि खरा घोळ तिथे झाला. ऑर्गनचे बहुतेक पाइप बासरीच्या जातीचे. आतली हवा तापली की सूर चढतो, दर अंश सेल्सिअसला साधारण ३ सेंट. १०० सेंटचा एक अर्धस्वर, म्हणजे १० अंशांच्या फरकाला जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर. ट्रम्पेट, ओबो हे रीडचे स्टॉप (स्टॉप म्हणजे एका आवाजाच्या पाइपांचा संच, खुंटी ओढली की वाजतो) पितळी जिभेवर बोलतात, ते तितके चढत नाहीत. मग दोन्ही एकमेकांशी बेसूर. ट्यूनर बाहेरगावचा, थंडीत सूर लावून गेलेला. पुन्हा यायला त्याला सवड नव्हती. भरल्या चर्चमध्ये वादकाने ट्रम्पेट ओढला, दोन-तीन स्वर वाजले आणि त्याने तो खटकन आत ढकलला. पुढचा सगळा कार्यक्रम रीडविना. ज्या रेंजसाठी एवढी यातायात, तिचा तो भागच गायब!

म्हणून कार्यक्रम ज्या वेळचा, त्याच वेळच्या तापमानात सूर लावून घ्या. शक्यतो आदल्या संध्याकाळी.

क्रमाबद्दल माझं मत (पटेलच असं नाही): जर्मन संगीतकार बाखच्या डी मायनर टोकाटाने (ऑर्गनची सर्वांत गाजलेली रचना) सुरुवात करू नका. ती ऐकायलाच लोक आलेले असतात, थांबतील. आधी एकटा ८ फुटी फ्लूट (फूट म्हणजे त्या स्टॉपच्या सर्वांत लांब पाइपाचं माप), मग व्हायोलिनसारखा स्ट्रिंग, मग झडपा मिटलेल्या स्वेल बॉक्समधला (पाइपांभोवतीची पेटी) ओबो हळूहळू उघडत आणा, मग पायाने वाजवायचा खर्जातला १६ फुटी. बाख नवा ऑर्गन तपासताना आधी सगळे स्टॉप ओढून वाद्याची फुप्फुसं जोखायचा, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय. ते तपासणीला ठीक. मैफलीत तो दणका शेवटी. आणि मधे मधे निवेदन नको. त्यापेक्षा एक कॅमेरा वादकाच्या पायांवर लावून पडद्यावर दाखवा, आमच्याकडे लोक त्यावरच सर्वांत खूश होते.

गुरुवार टाळा, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज गेली तर ब्लोअर (पाइपांना हवा पुरवणारा पंखा) बंद. जनरेटर लांब ठेवा. पंख्यांबद्दल चर्चच्या मंडळींशी आधीच बोला: चालू पंख्याखाली मंद स्टॉप ऐकूच येत नाहीत, आणि एप्रिलमध्ये पंखे बंद करू द्यायला कोण तयार होतंय!