हबेईची गाडी बीजिंगमध्ये चालेल का?

प्रश्न : माझा मुलगा चीनमध्ये शिजियाझुआंगला नोकरीला आहे. ९ डिसेंबरला डॉ. कोटणीसांचा स्मृतिदिन. त्या दिवशी तिथल्या त्यांच्या समाधीवर फूल वाहावं, असं आम्हा दोघांच्या मनात आहे. पुढे सहकाऱ्याच्या गाडीने मुलगा आम्हाला बीजिंग दाखवणार होता. आता तो म्हणतो, बाहेरगावच्या गाडीला तिथे पास लागतो आणि ठरावीक वेळेत आत सोडतच नाहीत. सौ.चे गुडघे दुखतात, म्हणून गाडी हवी होती. काय करावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काका, मुलगा बरोबर सांगतोय. पण आधी हे सांगू द्या, तुम्ही समाधीवर जाताय हे वाचून फार बरं वाटलं. भैय्या चौकातल्या स्मारकावरून आपण रोज जातो, पण तिथवर जाणारे सोलापूरकर थोडे.

आता गाडीचं. शिजियाझुआंग हबेई प्रांतात येतं, म्हणजे सहकाऱ्याची नंबरप्लेट हबेईची. बीजिंगभोवती एकाबाहेर एक असे रिंगरोड आहेत, आकडा जितका मोठा तितका रस्ता मध्यापासून लांब. अशा गाडीला सहाव्या रिंगरोडच्या आत यायला परवाना लागतो. गाडीमालक तो मोबाईलवरून काढतो. एक परवाना जास्तीत जास्त ७ दिवसांचा, आणि एका गाडीला वर्षाला असे १२च. म्हणजे तुमच्यासाठी पास काढला, की सहकाऱ्याच्या बारांतला एक गेला. मुलाला हे त्याच्याशी आधी मोकळेपणाने बोलून घ्यायला सांगा.

परवाना हातात आला तरी सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८ पाचव्या रिंगरोडच्या आत बाहेरची गाडी आणता येत नाही. मधल्या वेळेत नंबरच्या शेवटच्या आकड्याचा नियम लागतो. १ आणि ६, २ आणि ७ अशा जोड्या, प्रत्येक जोडीला एक वार बंद, आणि हे वार दर १३ आठवड्यांनी बदलतात. शनिवार-रविवारी या दोन्हींतून सुटका असते. पण तुमची खरी अडचण वेगळीच आहे. दुसऱ्या रिंगरोडच्या आत सकाळी ६ ते रात्री १० बाहेरच्या गाडीला बंदी, तीही रोज. थ्येनआनमन चौक आणि जुना राजवाडा नेमके त्याच्या आत! ज्यासाठी गाडी न्यायची, तिथेच ती पोचणार नाही.

एवढी कडक शिस्त कशाला, असं वाटेल. २००८च्या ऑलिंपिकच्या वेळी सम-विषम नंबरांचा नियम आला, त्यातून पुढे एका वाराची बंदी राहिली. २०११पासून पेट्रोलच्या गाडीला बीजिंगची नवी नंबरप्लेट सोडतीत नाव निघालं तरच मिळते. मग लोकांनी शेजारच्या हबेईची प्लेट घेतली आणि पासावर पास काढत वर्षभर बीजिंगमध्येच गाडी चालवली. १२ परवान्यांची मर्यादा नोव्हेंबर २०१९मध्ये आली ती त्यामुळे. आपल्याकडे दवाखान्यासाठी केए २८, केए ३२च्या गाड्या रोज येतात, त्यांना कुणी अडवत नाही; पण एमएच १३ मिळवायला सोडत लागत नाही ना! नियमामागचं कारण मला पटतं. तरी वर्षातून एकदाच येणाऱ्या पाहुण्यालाही तो तितकाच लागतो, याचं वाईट वाटतं.

माझं ऐकाल तर गाडीचा विचार सोडा. शिजियाझुआंगहून बुलेट ट्रेनने बीजिंग पश्चिम स्टेशनला उतरा आणि पुढे टॅक्सी करा, तिला दुसऱ्या रिंगरोडच्या आत जाता येतं. फक्त चौकापाशी टॅक्सीही थांबू देत नाहीत, थोडं चालावं लागेल. राजवाड्यात दक्षिणेच्या दारातूनच आत जायचं आणि आत जवळपास एक किलोमीटर चालायचं असतं. काकूंसाठी तो दिवस दुसरं काही न ठेवता मोकळा ठेवा, आणि सोमवार टाळा, राजवाडा बंद असतो. रेल्वे आणि राजवाडा, दोन्हींची तिकिटं पासपोर्ट नंबरवर निघतात, तेव्हा मुलाला दोघांच्या पासपोर्टचे फोटो आत्ताच पाठवून ठेवा.

प्रश्न : आपलं लायसन चीनमध्ये चालतं का?
– एक टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : नाही. आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवानाही चालत नाही, तिथलंच तात्पुरतं लायसन काढावं लागतं. ग्वांगझूला जाणार असाल, तर तिथला नियम आणखी वेगळा आहे: जुलै २०१८पासून बाहेरची गाडी शहराच्या ठरवलेल्या भागात सलग ४ दिवसच चालवता येते, मग ४ दिवस आत आणता येत नाही.