दोन वेदनाशामकं एकत्र घ्यावीत का?

प्रश्न : अक्कलदाढ काढली. आयब्युप्रोफेनच्या एका गोळीने ठणका थांबत नाही. सोबत पॅरासिटामॉल घेऊ का? घरात डायक्लोफेनॅकही आहे.

उत्तर : पॅरासिटामॉल चालेल, डायक्लोफेनॅक अजिबात नको. आयब्युप्रोफेन जखमेच्या जागी सूज आणि दुखणं वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स तयार होऊ देत नाही. पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. म्हणून दोन्हींच्या परिणामाची बेरीज होते. दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या चाचण्यांत ही जोडी तेवढ्याच डोसच्या एकेकट्या गोळीपेक्षा सरस ठरली आणि पुढच्या आठ तासांत जादा गोळी कमी जणांना लागली. डायक्लोफेनॅक मात्र आयब्युप्रोफेनच्याच कुळातलं. आराम फारसा वाढत नाही. जठरातला व्रण, रक्तस्राव आणि किडनीचा धोका वाढतो.

पन्नास किलोंच्या वरच्या निरोगी प्रौढाने काहीतरी खाऊन २०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दर आठ तासांनी घ्यावं. तासाभरानेही ठणका कायम राहिला, तर पुढच्या वेळेपासून ४०० आणि १०००. हेच दर सहा तासांनी घेतलं की आयब्युप्रोफेन १६०० वर जातं. डॉक्टरांना न विचारता दिवसाला १२०० च्या पुढे जायचं नाही. वेळ कागदावर लिहून ठेवा, दुखण्याच्या भरात हिशेब हमखास चुकतो.

खरी फसगत सर्दी-तापाच्या गोळीत असते. तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं, म्हणून वेष्टनावरचे घटक वाचा. दिवसाची कमाल ४ ग्रॅम. यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल तर त्याहून बरीच कमी. जास्त गोळ्या गेल्या तर पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो, यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. उतारा आठ तासांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो, म्हणून लक्षणांची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा.

अल्सर, किडनीचा किंवा हृदयाचा विकार, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, रक्तदाबाच्या गोळीसोबत लघवी वाढवणारी गोळी : यांपैकी काहीही असेल तर आयब्युप्रोफेनआधी डॉक्टरांना विचाराच.

प्रश्न : वडील हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतात. गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन द्यावं का?

उत्तर : रोज नको. रक्तातल्या प्लेटलेट्सवर ॲस्पिरिन जिथे चिकटतं ती जागा आयब्युप्रोफेन आधीच अडवतं, मग गुठळी टाळण्याचं काम अर्धवट राहतं. शिवाय रक्तस्रावाची भीती. पॅरासिटामॉल द्या आणि गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचं जेल लावता येईल का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. जेलचं औषध रक्तात फार थोडं उतरतं. ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका.