हरणाऱ्याचं कलम कुठे आहे?

प्रिय पोरा,

फँटसी खेळांना, म्हणजे खऱ्या सामन्यातल्या खेळाडूंचा आपला संघ ॲपवर निवडून पैसे लावण्याला, राज्यांनी परवाने द्यावेत की बंदीच बरी, दोन्ही बाजू पटतात म्हणतोस. पटणारच. दोन्ही बाजूंनी हरणाऱ्याला बाहेर उभं केलंय.

परवान्याच्या तुझ्या मसुद्यात कौशल्य की नशीब, यातच तू आठ पानं घालवलीस. आपल्या १८८७ च्या जुगार कायद्याचं कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतं. बक्षीस-स्पर्धांवरचा १९५७ चा चमारबागवाला खटला, १९९६ चा घोड्यांच्या शर्यतींचा निकाल, २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने फँटसीला कौशल्याचा खेळ म्हणून दिलेला कौल, सगळं पाठ आहे तुला. कप्तानाला दुप्पट गुण, उपकप्तानाला दीडपट, म्हणजे अभ्यास लागतो. लागतो ना, कोण नाही म्हणतं? पण हरणाऱ्याचं कलम कुठे आहे?

नागालँडने २०१६ मध्ये परवान्याचा कायदा केला, तेलंगणाने २०१७ मध्ये दार लावलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. सरकारला हरणारा दिसला तो असा, कर मोजताना! ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद करणारा कायदा केला. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे बरं केलं. जुगार राज्यघटनेच्या राज्यसूचीतला ३४ वा विषय, मग केंद्र मध्ये कुठून आलं, हा तुझा मुद्दा चांगला आहे. त्यावर भांड. पण उद्या परवान्याचा अधिकार राज्याकडे आला, तरी मी हेच विचारणार.

हट्टी म्हणशील. आहे मी. मटका मुळात कापसाच्या भावावर लागायचा, न्यूयॉर्कहून मुंबईला येणाऱ्या भावावर. खान्देशात कापूस पिकवणाऱ्यानेच पुढे आकडा लावला. जळगावच्या कोर्टात आकडेवाल्यांची वकीलपत्रं चालून यायची. मी घेतली नाहीत. बरोबरच्यांनी बंगले बांधले. तुझी काकू म्हणायची, आरोपीलाही वकील लागतोच की. खरं होतं तिचं, आणि त्या पैशाची चणचण आम्हाला बरीच वर्षं जाणवली. पण कोर्टाच्या पायरीवर एक बाई कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, घेऊन बसली होती. वजन, भाव, कटती, हाती आलेली रक्कम, सगळं शाईने लिहिलेलं, आणि ती रक्कम नवऱ्याने दोन दिवसांत आकड्यावर घालवलेली. तिने विचारलं, अर्ज कुठे करू? मला सांगता आलं नाही. त्यानंतर आकडेवाल्याचं वकीलपत्र घेणं माझ्याच्याने होणार नव्हतं. कुणी याला मूर्खपणा म्हणो.

म्हणून मसुदा उलटा कर. आधी महिन्याला किती भरता येईल त्याची मर्यादा, वयाची खरी पडताळणी, स्वतःला खेळाबाहेर ठेवण्याची सोय, खेळाडूंचे पैसे वेगळ्या खात्यात, तक्रारीला जिल्ह्याच्या ठिकाणी माणूस. जळगावला, धुळ्याला, नंदुरबारला. मुंबईचा ईमेल नको. परवाना शुल्क शेवटच्या पानावर गेलं तरी चालेल.

आणि तुझ्या चुलतभावाला रविवारी घेऊन ये. ॲपमधले फोटो नकोत, बँकेचं स्टेटमेंट आण म्हणावं.

तुझा,
काका