टोंगातून चिपळूणला पैसे कसे येणार?

प्रश्न : माझ्या मुलाला टोंगा देशात एका बांधकाम कंपनीत साइट सुपरवायझरची नोकरी लागली आहे. करार दोन वर्षांचा, पगार तिथल्या चलनात, म्हणजे पाआंगात. आमच्या बँकेत चौकशी केली, तर काउंटरवरच्या मुलीला यादीत देश सापडायलाच पाच मिनिटं लागली. तो घरी पैसे कसे पाठवेल? सुरुवातीला त्याला कमी पडले तर आम्ही इथून पाठवू शकतो का? घराचा हप्ता त्याच्याच पगारातून जायचा आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय.
— एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, मी देवरुखचा. २०१७ ते २०२३ टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफात, एका घाऊक हार्डवेअर दुकानाचा हिशेब सांभाळत होतो. तुमची काळजी माझ्या बायकोने सहा वर्षं केली आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रशांत महासागरातला टोंगा हा पैसे येण्याचा देश आहे, जाण्याचा नाही. आपलं कोकण जसं मुंबईच्या मनीऑर्डरवर जगलं, तसा तो ऑकलंड, सिडनी आणि अमेरिकेतल्या युटावर जगतो. बेटांवर माणसं लाखभर, आणि बाहेर गेलेली त्याहून कमी नाहीत. देशाच्या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपास रक्कम बाहेरून येते. आमच्या गोदामातल्या एका हमालाचे दोन भाऊ न्यूझीलंडला फळबागांत हंगामी कामावर जायचे. त्यांचा पैसा आला की हा माझ्याकडे येऊन कागदावर वाटणी मांडायचा : शाळेची फी, मयताला द्यायचं, चर्चच्या वार्षिक देणगीचं, म्हणजे मिसिनालेचं. उरेल ते घरात. या देण्याघेण्याला ते ‘कवेंगा’ म्हणतात, अर्थ ओझं. बदल्यात टोंगातून विणलेल्या चटया आणि सालीचं कापड खोक्यांत भरून तिकडे जायचं. चाकरमान्याच्या पिशवीत फणस आणि कोकम कोंबणारी आपली माणसं मला तिथे हटकून आठवायची.

त्या भावांनी पाठवलेले न्यूझीलंड डॉलर बँकेकडे जमा व्हायचे आणि आमच्यासारख्या आयातदारांना विकले जायचे. त्यातूनच आम्ही ऑकलंडच्या लाकडाचं बिल भागवायचो. म्हणजे तिथे परकीय चलन मोजून-मापून वापरतात. म्हणून बाहेर पाठवायला गेलात की बँक कागद मागते. मुलाला सांगा : नोकरीचा करार, कामाचा व्हिसा आणि दर महिन्याची पगारपावती एका फाइलीत लावून ठेव. माझी पहिली खेप पगारपावतीवर मालकाची सही नव्हती म्हणून परत फिरली होती.

मार्ग साधा आहे, स्विफ्टने, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या संदेश-जाळ्यातून, बँकेतून बँकेत. पण पैसा सरळ चिपळूणला येत नाही, मधे दुसऱ्या देशातली एखादी बँक लागते आणि ती आपला हात ओला करून घेते. शिवाय बदल दोनदा : पाआंगाचे डॉलर, डॉलरचे रुपये. दोन्ही ठिकाणी दरात चार पैसे गळतात. दर महिन्याला थोडे-थोडे पाठवले तर ठरावीक शुल्कच अंगावर येतं. मी तीन महिन्यांतून एकदा पाठवायचो. पैसे डॉलरमध्येच पाठवायचे, रुपयाचा दर आपल्या बँकेकडून घ्यायचा. मला तो नेहमी बरा पडला.

छोट्या हस्तांतरण कंपन्या स्वस्त नाहीत का, असं तुम्ही विचाराल. होत्या, अजूनही काही आहेत. पण काळ्या पैशाच्या कायद्यांचा धसका घेऊन ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या बँकांनी २०१५ पर्यंत अशा कंपन्यांची खाती धडाधड बंद केली. बेटांवरच्या गरिबांना त्याचा फटका बसला, आणि मला ते आजही पटत नाही.

आता खरी काळजीची बाब. टोंगाला जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल एकच होती, फिजीपर्यंत ८२७ किलोमीटर. २०१९च्या जानेवारीत ती तुटली तेव्हा जवळपास दोन आठवडे बोंब होती. मग १५ जानेवारी २०२२. शनिवारची संध्याकाळ, सव्वापाचची वेळ. हुंगा टोंगा-हुंगा हाआपाई ज्वालामुखी फुटला. आवाज असा, की मी दुकानाचं शटर कोसळलं समजून बाहेर धावलो. मग त्सुनामीच्या भीतीने उंचावर पळापळ आणि वरून राखेचा पाऊस. दुसऱ्या दिवशी रविवार. तिथे घटनेनेच रविवार पाळतात, त्यामुळे एरवीही सगळं बंद असतं. पण सोमवारीही फोनला आवाज नाही, नेट नाही. बँक उघडली तेव्हा रोख होती, पण बाहेरच्या देशाशी जोडणारी तार नव्हती. बाहेरच्या भावाबहिणींनी पाठवलेले पैसे अडकून पडले आणि राख झाडत माणसं काउंटरसमोर तासन्‌तास उभी. मुख्य बेटाची केबल २२ फेब्रुवारीला जोडली गेली. पाच आठवडे! तेवढ्या काळात मी घरी एक दमडी पाठवू शकलो नाही. देवरुखला हप्ता चुकला नाही, कारण बायकोने खात्यात तीन हप्ते आधीच राखून ठेवले होते. कल्पना तिची, माझी नाही. तुम्हीही मुलाच्या पहिल्या पगारातून आधी तेवढं करा, टीव्ही-फ्रिज नंतर.

इथून पाठवता येतं का? येतं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. पॅन आणि पैसे कशासाठी पाठवताय ते सांगणारा ए-टू फॉर्म लागतो. पण दोन महिन्यांच्या खर्चासाठी एवढी यातायात कशाला? जाताना त्याच्याकडे न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियन डॉलर द्या, अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह. नोटांची मर्यादा एका प्रवासाला ३००० अमेरिकन डॉलरइतकी आहे, तेवढ्यात भागेल. येताना मात्र उरलेले पाआंगा तिथेच बदलून आणायला सांगा. मी हौसेने आणलेली एक नोट मुंबईत कोणी हातात धरली नाही. ती आता नातवाच्या वहीत आहे.

नोकरीसाठी गेला की तो अनिवासी ठरतो. त्याचं इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या कमाईचं खातं, करून घ्या आणि परदेशातून येणाऱ्या पगारासाठी वेगळं एनआरई, म्हणजे परदेशी कमाईचं रुपयातलं खातं, उघडा. एनआरईवरचं व्याज करमुक्त असतं. हप्ता त्याच खात्यातून वळता करता येतो. फोन करताना तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे आहे हे विसरू नका. नाहीतर तुमचा संध्याकाळचा चहा आणि त्याची मध्यरात्र.

शेवटचं. माझी एक रक्कम तीन आठवडे लटकली, दोन्हीकडचं शुल्क कापून परत आली. कारण? मी फॉर्मवर बायकोचं सासरचं नाव लिहिलं होतं आणि पासबुकात माहेरचं होतं. तुम्हालाही तो काही रक्कम थेट पाठवणार असेल, तर आज पासबुक काढून बघा. मूळ पत्राखालच्या सहीत तुम्ही सासर-माहेरची दोन्ही आडनावं लावली आहेत.